एक मीटर पिवळं

शहाण्णव साली बनारसात कॉम्प्युटरवर नकाशा रंगवणारा मराठी माणूस मी एकटाच, असा माझा समज होता आणि तो मी चारचौघांत मुळीच लपवत नसे. काम तसं साधं. शहराचे चिमुकले चौकोन पाडायचे, प्रत्येकाची उंची आकड्यात भरायची आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग ते प्रोग्रॅममध्ये लिहायचं. कॉम्प्युटर आपणहून रंग देई, पण त्यात सगळं शहर जांभळट दिसे. म्हणून मी माझे रंग निवडले. पुरात आधी बुडणारी सखल जागा लाल, मधली पिवळी, उंच ती हिरवी. पिवळा श्रीखंडासारखा जमावा म्हणून मी आठवडा घालवला. माझी बायको मृणालिनी म्हणाली, बेसनासारखा झालाय.

हा नकाशा इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात लागायचा होता. त्याआधी इंदूआत्याने तो पाहिला. मुन्शी घाटामागच्या गल्लीत घर तिचं. खालच्या खोल्यांत ती आणि तिच्याकडे उतरणारे यात्रेकरू, वर आम्ही दोघं आणि आमची तान्ही मुक्ता. नकाशात आमची गल्ली लाल होती.

"देशावरून यात्री येतात माझ्याकडे," आत्या म्हणाली. "हे लाल बघितलं की दुसरीकडे जाणार. तुझा रंग होतो आणि माझा धंदा बुडतो."

मी तिला ऐटीत सांगितलं की रंग माझ्या मर्जीवर नसतात, शास्त्रावर असतात. खरं तर शास्त्राने फक्त उंची दिली होती. लाल कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो, तो आकडा माझाच होता. आत्याच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन झाल्यावर मी तो एक मीटरने खाली आणला. आमची गल्ली पिवळी झाली. तिला मीच हाताने वर उचलून ठेवलं, अशा थाटात मी हात धुतले.

मंडपात नकाशाचं फार कौतुक झालं. मंडळाचे सचिव बिंदुमाधवकाका यांनी एक प्रत मागितली. कुणी न सांगताच मी तिच्यावर सहीसुद्धा केली.

विसर्जन झालं आणि गंगा चढली. पाणी गल्लीत शिरलं, आत्या ट्रंकेसकट आमच्याकडे वर आली. मुक्ता बाटलीच्या दुधावर होती आणि घरात दुधाचा थेंब उरला नव्हता. मंडळाने दूध वाटायला होडी काढल्याचं कळलं तेव्हा मी गच्चीत अगदी निर्धास्त उभा राहिलो. नाव आली आणि न थांबता पुढे निघाली. मी हाका मारल्या. नावेत बसलेल्या काकांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला माझाच नकाशा वर धरला.

"तुमचं पिवळं आहे, प्रसन्न. आधी लाल गल्ल्या. तुमच्याकडे संध्याकाळी येतो."

ते पिवळं खोटं आहे, मीच केलंय, असं मी गच्चीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. काका शांतपणे म्हणाले की इथे शास्त्रज्ञाची सही आहे, घरच्या काळजीपोटी त्याने शास्त्रात ढवळाढवळ करू नये. नाव वळली.

"मग कर की परत लाल," आत्या म्हणाली. "आकडाच तर बदलायचा आहे."

वीज कालपासून नव्हती. मृणालिनीने रडणाऱ्या मुक्ताला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि दुधाची किटली माझ्या हातात दिली. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. लाल गल्ली पुढच्याच वळणावर होती, नाव तिच्या तोंडाशी थांबली होती.

मी किटली डोक्यावर धरली, जिना उतरलो आणि शेवटच्या पायरीवरून गल्लीत पाय टाकला. पाणी कमरेला लागलं. बरोबर एक मीटर.