बराकीतला आवाज

धनसिंग नानाने आवाज चढवला की साक्रीच्या बैलबाजारात दलाल बाजूला व्हायचे, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. हेमराज त्याचा शेजारी, वयाने लहान आणि स्वभावाने गरीब. बाजारातल्या मारामारीत एक माणूस मेला आणि दोघेही एकाच गुन्ह्यात आत गेले.

तुरुंगात चांगल्या वागणुकीच्या कैद्याला वॉर्डर करतात, कमरेला तसा पट्टा देतात. त्याने बाकीच्या कैद्यांवर लक्ष ठेवायचं. हेमराजला तो पट्टा मिळाला. कैदी मोजायच्या वेळी तो गिनतीला बसा म्हणाला की सगळी बराक हसायची. धाक दिसला नाही तर पट्टा काढून घेईन, असा शिपायाने दम भरला. आता मारायचं कुणाला? दुसरा कुणी उलटून अंगावर आला असता. नाना आपला माणूस. म्हणून हेमराजने नानाच्याच कानाखाली वाजवली, आणि मित्राचा पट्टा वाचावा म्हणून नाना डोळा मिचकावून मुकाट्याने खाली बसला. पुढे हे रोजचंच झालं, डोळा मिचकावणं तेवढं बंद झालं. एक पट्टा कुणाच्या कमरेला होता, एवढ्यावरून हे सगळं घडलं, याचा मला अजून संताप येतो.

सुटून आल्यावर वर्षभरातच नानाच्या मेघाला बघायला वरणगावची माणसं आली. मेघाला मुलगा आवडला होता. बाप तुरुंगात जाऊन आलाय हे ठाऊक असूनही ती माणसं आली होती. नानाने खाटेवर बसून चार शब्द नीट बोलायचे, एवढंच उरलं होतं. त्याला धीर वाटावा म्हणून त्याच्या बायकोने, कमलबाईने, हेमराजला मुद्दाम बोलावून घेतलं. चूक झाली ती इथेच.

हेमराज दारात दिसताच नाना ताडकन उभा राहिला. बसला, पुन्हा उठला. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. नानाला सावरायला म्हणून हेमराज बोलला.

"खाली बस."

आवाज बराकीतला होता. नाना खाटेवरून उतरून जमिनीवर उकिडवा बसला, हात गुडघ्यांवर, मान खाली. शेजारी त्याने एका माणसाची जागा सोडली, कारण गिनतीला जोडीने बसतात. मेघा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. मुलाच्या बापाने चहा घेतला नाही. कळवतो म्हणाला, आणि काय ते सगळ्यांना कळलं.

पाहुणे गेले तरी नाना उठेना. कमलबाईने दंडाला धरून पाहिलं, मेघाने हाका मारल्या. हेमराज त्याच्यापुढे बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

"नाना, ऊठा ना. हाई तुमनं घर शे."

नाना हलला नाही. शेवटी हेमराजने डोळे पुसले आणि तो उभा राहिला. त्याचा हात आपोआप कमरेवर गेला.

"ऊठ."

नाना चटकन उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मेघाने ते पाहिलं आणि ती आत निघून गेली.

कमलबाईने ताट वाढून आणलं, नानापुढे ठेवलं. नाना ताटाकडे बघत राहिला, हात काही लावेना. तिने हेमराजकडे न बघताच म्हटलं,

"आते त्यास्ले जेवाले बी तुम्हीच सांगा, भाऊ."