नगरपालिकेचं मटण

कृषी मेळावा तोंडावर आला की गावात कुत्री फार झाल्याचं नगरपालिकेच्या लक्षात येई. मग फिल्डा लामवाकाला बोलावणं जाई. अकरा वर्षं ती आरोग्य खात्यात हेच करत आली होती. त्या मंगळवारीही तिने नाचणीचा शिळा उंडा खाल्ला, हातमोजे चढवले, बकऱ्याच्या आतड्यांत विषाची भुकटी कालवली आणि पहाटे बाजारभर तुकडे टाकले.

नऊच्या सुमारास मेलेली कुत्री ढकलगाडीत भरताना हाक आली.

"फिल्डा, अगं बघ गं जरा! सिम्बाला काय झालंय?"

आंधळे ओजारा बाबा अंगणात बसले होते; ढकलगाडीची करकर ते ओळखत. आपल्या कुत्र्याची, सिम्बाची दोरी धरूनच ते विहिरीवर आणि चर्चला जात. कुत्री बांधून ठेवा, ही दवंडी ऐकून त्यांनी त्याला कालपासून बांधून ठेवलं होतं. पण कावळ्याच्या चोचीतून एक तुकडा अंगणातच पडला होता.

सिम्बाचे पाय ताठरले होते. बाबा त्याच्या तोंडाचा फेस सदऱ्याने पुसत होते.

"थंडी भरलीय का गं? केवढा थरथरतोय."

"विष आहे, बाबा."

"मी तर बांधला होता! कुणा मेल्याने घातलं?"

कावळ्याचं नाव सांगून सुटता आलं असतं.

"मी कालवलंय. माझ्याच हातांनी."

बाबांनी सिम्बाच्या छातीवर हात ठेवला. थरथर थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "गेला का?"

फिल्डा तशीच मुख्याधिकाऱ्यांकडे गेली.

"साहेब, हे आता माझ्याने होणार नाही."

"आणि गेल्या वर्षीसारखं एखादं पोर पिसाळून मेलं तर?"

"त्या पोराला दवाखान्यात मीच नेलं होतं. त्याला कुत्रं चावलं त्याच्या आदल्या आठवड्यातच आपण विष टाकलं होतं. वाचलं का ते? कुत्र्यांना लस टोचा, साहेब. दोन अर्ज दिलेत मी."

"लस कुठून आणू? तू नाहीस तर दुसरा करेल."

"करेल."

दुसरा मिळालाही. गुरुवारी उजाडताना तो तुकडे टाकत पुढे चालला आणि चिमट्याने ते उचलत फिल्डा त्याच्या मागे. नोकरी गेल्यात जमा होती. निम्मे तुकडे तिच्या नजरेतून निसटत होते, हेही तिला कळत होतं.

"वेड लागलंय का गं तुला?" भाजीवाली ओरडली.

"अकरा वर्षं लागलं होतं."

भाजीवालीने टोपली सरकवून खालचा एक तुकडा काटकीने फिल्डाकडे ढकलला.