निचऱ्याची साखळी

गिरणीवाला खुर्चीत उसळला, तशी गोदामातली दोनशे माणसं एकदम पुढे सरकली.

गडी काही लेचापेचा नव्हता. दोन-दोन पोती एका दमात खांद्यावर टाकणारा माणूस. पण आत्ता त्याच्या पाठीत सात आणि मानेत दोन सुया खुपसलेल्या होत्या, सुयांना एक लांब पितळी साखळी अडकवलेली होती, अनवाणी पाय ओल्या पत्र्यावर टेकवलेले होते, आणि चार सेवक त्याला दाबून धरत होते. तरी तो उसळतच होता. ओठ दातांखाली सापडून फाटला होता आणि रक्त हनुवटीवरून शर्टावर गळत होतं.

"निघाली! निघाली!" लोक ओरडले.

"ओरडू दे तिला!" सुईगुरुजी दोन्ही हात वर करून गरजले. "मंडळी, हा ओरडत नाहीये, ती वाईट ऊर्जा ओरडतेय! बारा वर्षं हिने याच्या कमरेत बिऱ्हाड थाटलं होतं. फुकटात! आता घर खाली कर म्हटल्यावर बोंबलणार नाही तर काय करेल?"

लोक हसले. गिरणीवाला रडत होता. "सोडा हो गुरुजी, मरतो मी!"

"बघा, सोडा म्हणतेय! टरकली! आपली विद्या हजारो वर्षांची आहे मंडळी. दवाखान्यातल्या सुईसारखी नाही, टोचली आणि बिल हातात दिलं! ही सुई ऊर्जेचं नेमकं दार उघडते, आणि ही निचऱ्याची साखळी तिला मडक्यातल्या पाण्यात नेऊन बुडवते."

मागून एक म्हातारा बिचकत म्हणाला, "गुरुजी, हा विजेचा झटका तर नव्हे?"

सुईगुरुजी खदखदून हसले. "वीज? आजोबा, या गोदामात वीज आहे कुठे? वर बघा. दिवा आहे? पंखा आहे? भिंतीवर एक तरी बटण दाखवा, मी आजपासून सुई सोडतो!"

सगळ्यांनी माना वर केल्या. खरंच, ना दिवा, ना पंखा. घामाने निथळत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि म्हातारा ओशाळून खाली बसला.

या गर्दीत भिंतीला टेकून तारवाली उभी होती. गावाबाहेरच्या मोठ्या डेअरीत दीडशे गाई होत्या, आणि त्यांच्या कुरणाभोवतीचं तारेचं कुंपण सांभाळायचं काम हिचं. म्हणून तारवाली. कामावरून तशीच आली होती. पायात रबरी बूट, खांद्याला पकड, हातमोजे आणि जुना ट्रान्झिस्टर असलेली पिशवी. चमत्कार बघायला आलेली नव्हती ती. तिची लेक आज सातव्या नंबरवर होती, आणि गिरणीवाला सहावा.

लेक पुढच्या बाकावर बसली होती. एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. डावा डोळा अजून काळानिळा होता. त्याआधी मनगट मोडलं होतं, त्याआधी कान. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं, आणि पोटात चौथा महिना. तारवालीने कितीदा सांगितलं होतं, उठ आणि घरी ये. पण विहीणबाईंनी कुठून तरी हे सुईगुरुजी शोधून काढले, आणि गुरुजींनी लेकीची नाडी बघून डोळे मिटले आणि सांगून टाकलं: वाईट ऊर्जा हिच्यात आहे. ती बाहेर झिरपते, नवऱ्याच्या अंगात जाते आणि त्याचा हात उठतो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

म्हणजे मार खाल्ला हिने आणि सुया पण हिलाच! तारवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती पुढे गेली आणि लेकीचा हात धरला.

"चल. आत्ताच्या आत्ता चल."

"आई, नको ना," लेक कुजबुजली. "एकदाच काढून टाकू दे. मग हे नाही मारणार."

"अगं, पोटात लेकरू आहे! त्या दांडगटाची काय गत झाली बघितलीस ना?"

"लेकरासाठीच तर बसतेय."

"विहीणबाई, मध्ये पडू नका," विहीण म्हणाली. "गुरुजी म्हणालेत, बाळापर्यंत पोचलीय ऊर्जा. तीन सुया पोटावर घ्यायच्या आहेत. हिचं भलंच होतंय ना?"

पोटावर.  तारवालीने बाकाची पाठ घट्ट धरली आणि डोळे मिटले. समोर गिरणीवाला किंचाळत होता, थांबत होता, पुन्हा किंचाळत होता. आणि डोळे मिटल्यावर तिला ते ऐकू आलं, म्हणजे नीट ऐकू आलं. किंकाळी, श्वास. किंकाळी, श्वास. एकसारखं. ना मागे ना पुढे. माणूस दुखण्याने असा घड्याळ लावून ओरडत नाही. हा ठोका तिच्या ओळखीचा होता. अकरा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ ऐकलेला.

तिने डोळे उघडले आणि आता सेवकांच्या पायांकडे बघितलं. चौघांच्याही पायात रबरी बूट. हातात रबरी मोजे.

"सेवकांना बूट कशाला?" तिने शेजारच्या बाईला विचारलं.

"ऊर्जा त्यांच्यात शिरू नये म्हणून. रबराला भिते म्हणे ती."

"भिते होय? आमची पण भिते."

तिने पिशवीतून ट्रान्झिस्टर काढला. कुंपणाची झटक्याची तार कुठे गवताला टेकली की तिथे बारीक ठिणगी पडते, दिसत नाही, पण रेडिओला कळते. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवायचा आणि तारेच्या कडेने चालायचं. जिथे टकटक मोठी होईल तिथे बिघाड. तिने काटा सरकवला, आवाज पूर्ण सोडला.

टक्. गिरणीवाला उसळला. टक्. उसळला. टक्.

दोनशे माना त्या आवाजाकडे वळल्या. सुईगुरुजी क्षणभर गोंधळले, पण माणूस हजरजबाबी. झडप घालून त्यांनी ट्रान्झिस्टर हिच्या हातातून घेतला आणि डोक्यावर धरला.

"ऐका! ऐका मंडळी! इतके दिवस तुम्ही डोळ्यांनी बघितली, आज कानांनी ऐका! ऊर्जेचा ठोका! यंत्रसुद्धा साक्ष देतंय!"

लोकांनी त्या खरखरणाऱ्या डब्याला हात जोडले. दोघी-तिघी रडायला लागल्या. काय म्हणावं या माणसांना!

"गुरुजी," तारवालीने भाबडा चेहरा करून विचारलं, "यांची ऊर्जा संपली की ठोका बंद होणार ना?"

"तत्क्षणी!"

"मग सोडून दाखवा त्यांना."

दोनशे माणसं ऐकत होती, नाही कसं म्हणणार? सेवकांनी सुया उपसल्या. गिरणीवाल्याला पोत्यासारखा उचलला आणि बाजूला नेऊन टाकला. साखळी मडक्याच्या काठावर लोंबत राहिली. खुर्ची रिकामी.

टक्. टक्. टक्.

"आता कुणाची हो?" तारवाली म्हणाली. "खुर्चीची?"

कुणी तरी फिसकन हसलं. गुरुजींच्या कपाळावर घाम आला, पण जीभ थांबली नाही. "हिची!" त्यांनी लेकीकडे बोट केलं. "लांब बसून एवढी वाजतेय, म्हणजे आत केवढी असेल! घ्या तिला, लवकर घ्या!"

जावयाने लेकीचा दंड धरून ओढलं. ती धडपडली, गुडघ्यावर पडली, तशीच फरफटत पत्र्यापर्यंत गेली. दोन सेवकांनी तिला खुर्चीत दाबलं. तारवाली धावली, तर तिसऱ्याने तिच्या छातीत कोपर मारलं आणि ती मडक्यावर आपटली. मडकं फुटलं. चौथ्याने पोटात लाथ घातली. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडात रक्ताची चव आली. पण दीडशे गाईंच्या लाथा चुकवत आणि खात आयुष्य काढलेली बाई ती, एका लाथेने थोडीच बसतेय! खाली पडल्या पडल्याच तिने हातमोजे चढवले आणि साखळी धरली. मडकं फुटल्यावर दिसलं, साखळी पाण्यात संपत नव्हती, मागच्या लाकडी चौथऱ्याखाली जात होती. चौथऱ्यावर सतरंजी होती. तिने सतरंजी खेचली, सतरंजीवर उभे असलेले गुरुजी धाडकन पाठीवर पडले, आणि खालची सैल फळी तिने पकडीने उचकटली.

आत एक मोटारीची बॅटरी होती. शेजारी एक पिवळी पेटी, तिच्यावर लाल दिवा लुकलुकत होता. पेटीतून निघालेली एक तार साखळीला, दुसरी पायाखालच्या ओल्या पत्र्याला. तिने पकडीने बॅटरीवरचा चिमटा ओढला.

ट्रान्झिस्टर गप्प झाला.

"ही गाईंच्या कुंपणाची पेटी आहे!" तारवाली धापा टाकत ओरडली. "कुरणात कुठे असते वीज? तिथे दिवा नसतो, पंखा नसतो, बटण नसतं. बॅटरीवर चालते ही! गाय तारेला लागली की एक झटका, गाय मागे सरते. तो झटका जाड कातडीवर बसतो, तरी पाचशे किलोचं जनावर उडतं. या नालायकाने सुया टोचून तोच तुमच्या कातडीच्या आत सोडला!"

"खोटं!" गुरुजी उठत ओरडले. "ती... ती पेटी ऊर्जा मोजायची आहे!"

"मग बसा खुर्चीत. मी चिमटा लावते. तुमची मोजू."

मघाशी मेल्यासारखा पडलेला गिरणीवाला उठला. त्याने लेकीला खुर्चीतून उठवून मागे केलं, गुरुजींची मानगूट धरली आणि त्यांना खुर्चीत कोंबलं. एका सेवकाने अडवलं तर त्याच्या नाकावर असा गुद्दा बसला की हाड मोडल्याचा आवाज मागपर्यंत आला. बाकीचे तिघे बूट वाजवत पळाले. लोक चवताळले होते. कुणी गुरुजींचे जोडे ओढून काढले, कुणी पाय पत्र्यावर दाबले, कुणी साखळी आणली.

"लाव गं चिमटा!"

"नको! नको!" सुईगुरुजी किंचाळले. "माझं हृदय अधू आहे! मरेन मी!"

गर्दी थबकली. मघाचा म्हातारा काठी टेकत पुढे आला. "माझंपण अधू आहे," तो म्हणाला. "मी तुला सांगितलं होतं परवा. तू म्हणालास, काही होत नाही, बसा."

मग तर हात सुटलेच. तारवालीने बॅटरी उचलून पोटाशी धरली आणि मध्ये घुसली. "पुरे! याला साखळी लावलीत तर त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला? पोलिसांना बोलवा. पेटी त्यांच्या हातात द्या. आणि विचारा स्वतःला, गुण आला गुण आला म्हणत होता ते कशाने? असल्या माराने अंग बधिर होतं आणि माणूस दोन दिवस झोपतो. आणि उठल्यावर दुखतंय म्हणायची छाती कुणाची होती? म्हटलं असतं तर पुन्हा खुर्चीत!"

 बरेच जण आपली मनगटं, माना चोळत होते. साधी सुई टोचून घेणारा माणूस निवांत पडून असतो. तसल्या सुईने किती गुण येतो तो वाद डॉक्टरांनी घालावा. पण जिथे उपचाराला चार माणसं धरायला लागतात आणि रोगी सोडा म्हणत असताना कुणी सोडत नाही, तिथे रोग्याने नाही तरी बघणाऱ्यांनी तरी शंका घ्यायला नको?

लेक अजून खुर्चीमागे उभी होती. गुडघे फुटले होते. तिने आईकडे बघितलं.

"म्हणजे माझ्यात काहीच नव्हतं?"

"नाही गं बाळा. तुझ्यात काही नव्हतं."

लेक नवऱ्याकडे वळली. सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "मी घरी येत नाही."

जावयाने थप्पड मारली. दोनशे माणसांच्या देखत, इतक्या सवयीने, की लेकीने आधीच मान वळवली होती तरी ती कानशिलावर बसली.

गोदामात सुई टोचलेलं कुणी नव्हतं. बॅटरी तारवालीच्या हातात होती, साखळी जमिनीवर पडली होती.

"विहीणबाई," तारवाली म्हणाली, "ही कुठल्या ऊर्जेने?"

विहिणीने तोंडाला पदर लावला. जावयाचा हात पुन्हा उठला होता, तो गिरणीवाल्याने वरच्या वर धरला. "जावईबापू," तो फाटक्या ओठाने म्हणाला, "आता मला मारून बघा."

जावयाने त्याला मारलं नाही. हिसडा देऊन हात सोडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि मग तो उभ्या उभ्या खाली बघायला लागला. हेही सगळ्यांनी पाहिलं. कुणाला मारायचं आणि कुणाला नाही हे त्याला पक्कं कळत होतं.

त्या संध्याकाळी सुईगुरुजी लॉकअपमध्ये गेले. लेकीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळ ठीक आहे म्हणाल्या, आणि जुन्या-नव्या मारांची यादी करताना दोनदा पेन खाली ठेवलं. तुमच्या घरात, शेजारात कुणी असा मार खात असेल, तर तिच्या अंगात काय शिरलंय ते शोधत बसू नका. कुणी चमत्कार दाखवला तर फळी उचकटून बघा, आणि फळीखाली काही सापडलं नाही तर मारणाऱ्याच्या हाताकडे बघा. यासाठी कुठलीही विद्या लागत नाही.

दवाखान्यातच हवालदार जबाब घ्यायला आला. त्याने वही उघडली आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "मारायचं कारण काय, बाई?"

"लग्न झाल्यापासून मी ते माझ्यात शोधलं, साहेब," लेक म्हणाली. "आता त्याला विचारा."