परवाचं पाणी

अध्यक्षसाहेब, मासा मारायला तुम्ही निघाला होतात. मी नाही.

मागच्या महिन्यात रविवारच्या सभेत माइक हातात घेऊन तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "प्रमिलाबाईंच्या हलगर्जीपणामुळे मंडळाचा गोल्डफिश मरता मरता वाचला." आणि वाचनालयाची किल्ली माझ्याकडून काढून घेतलीत. मी माइक मागितला तर तुम्ही राष्ट्रगीत सुरू केलंत. राष्ट्रगीतात बोलता येत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत. म्हणून लिहिलंय आणि जिन्यातल्या फलकावर लावलंय. काढायचं असेल तर स्टूल आणा. मुद्दाम उंच लावलंय.

जिना चढणाऱ्यांतल्या नव्या माणसांसाठी थोडं सांगते. हैदराबादेत आबिड्सच्या मागच्या गल्लीत आमच्या मराठी मंडळाचं हे वाचनालय. पेपरांच्या टेबलाजवळ काचेची पेटी, पेटीत एकच मासा. कुणा वास्तुवाल्यानं सांगितलं म्हणून अध्यक्षांनी तो ईशान्येला ठेवला आणि नाव ठेवलं सुवर्णलता. बाकी सगळे त्याला नवाब म्हणतात, कारण तो दिवसभर काही करत नाही आणि खायची वेळ बरोबर ओळखतो.

आणि एक नियम आहे. इथं शुद्ध मराठी बोलायचं. कुणी इकडच्या बोलीतलं 'हौ' म्हणालं, 'नक्को' म्हणालं, की जागेवर उभं राहायचं आणि बरोबर शब्द तीनदा मोठ्यानं म्हणायचा. नामदेवराव आमच्यात सगळ्यात वयस्क, काठी टेकत जिना चढतात. साहेब, त्यांनासुद्धा तुम्ही उभं केलंत. "होय, होय, होय," म्हणाले बिचारे. आणि गुडघा धरून खाली बसताना माझ्या कानात म्हणाले, "हौ."

मी तेलुगू मीडियमची. मराठी वाचायला शिकले ती याच टेबलावर, पेपरातले मथळे बोटानं गिरवत. घरात आमची खिचडी भाषा, त्यामुळे तुमच्या तोंडून आलेला शब्द मी कोशातला शब्द धरायची. तिथंच फसले.

माघात तुमच्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं बिदरला. गुरुवारी जाताना किल्ली नि मासा दोन्ही माझ्या गळ्यात घातलंत. मी म्हटलं, "साहेब, मी जन्मात तुळशीशिवाय काही पाळलेलं नाही."

"अहो, काही नाही हो त्यात. चिमूटभर खाणं टाकायचं. पाणी परवाच बदललंय, त्याला हात लावायचा नाही."

परवाच. म्हणजे मंगळवारी. मी मान डोलावली.

शनिवारी सकाळी कुलूप काढलं तर नवाब वर तरंगत होता. मेलेला नव्हता. तोंड पाण्याबाहेर काढून उघडमीट चालली होती, भाषणात माइक बंद पडला की तुमची चालते तशी. शेपटी आखडून घेतलेली. पाणी पिवळट. वासही येत होता, पण तो मी गल्लीतल्या गटाराचा समजले.

मागोमाग नामदेवराव आले. पेपरासाठी येतो म्हणतात, पण येतात माशासाठी. सून दिवसभर कामाला जाते, घरात बोलायला कुणी नाही. इथं पेटीशी खुर्ची लावून नवाबाला राजकारण सांगत बसतात. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

"भूक लागलीय पोरी त्याला." आणि खिशातून उस्मानिया बिस्किट काढलं.

"काका! बिस्किट?"

"रोज देतो की. चहात बुडवून नाही देत हां, सुकंच."

मी बिस्किट ओढून घेतलं. तोंडात टाकलं, म्हणजे वाद संपला. मग भाचीला फोन लावला. केतकी गच्चीबावलीत नोकरी करते, तिच्या घरी माशांची मोठी टाकी आहे.

"मावशी, कॅमेरा फिरव, तुझं नाक दिसतंय नुसतं. हां. अय्यो! श्वास घेता येत नाहीये त्याला. खाणं एकदम बंद. पाणी लास्ट कधी चेंज केलं?"

"मंगळवारी."

"शुअर? मला यल्लो दिसतंय."

"इथली ट्यूबच तशी आहे. आणि अध्यक्ष स्वतः म्हणाले."

"मग पाण्याचा इश्यू नाही. गिल्सला इन्फेक्शन असेल. दुकानात एक निळं औषध मिळतं, ते आण. पण मावशी, पाणी घाण असेल तर ते नको हां टाकू. आधीच दम लागलाय, त्यात संपेल तो. पाणी नक्की फ्रेश आहे ना?"

"सांगितलं ना एकदा."

डोळ्यांना पिवळं दिसत होतं, नाकाला वास येत होता, आणि मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून उभी होते. साहेब, माझा हलगर्जीपणा झाला असेल तर तो एवढाच.

नामदेवरावांना राखणीला बसवलं, बिस्किटांचा पुडा माझ्या पिशवीत घातला आणि बेगम बाजारच्या तोंडाशी पाळायचे मासे-पाखरं विकणारं दुकान आहे तिथं ऑटोनं गेले. दुकानदारानं निळी बाटली काढली, पुसली, माझ्या हातात देता देता विचारलं, "पानी कब बदले अम्मा?"

"हमारे साहब बोले, परसों बदले."

बाटली परत त्याच्या बाजूला गेली. "परसों बोले तो? कौन से परसों?"

"परसों म्हणजे परसों! मंगलवार!"

"साहब मंगलवार बोले, के परसों बोले?"

"परसों."

"क्या अम्मा, हैदराबाद में रह के ऐसा बोलते? परसों तो मेरी शादी भी हुई."

गल्ल्यावर त्याची मुलगी बसली होती, लग्नाच्या वयाची. ती ओढणी तोंडावर धरून हसायला लागली.

अहो, मी याच गावात जन्मले. आमच्याकडे 'परवा'ला दोरी बांधलेली नसते. माझी आई "परवाच घेतली" म्हणून जी साडी दाखवायची ती माझ्या बारशातली. सगळं मला माहीत होतं. पण म्हटलं, बाकीच्यांचा परवा हैदराबादचा असेल, शुद्ध मराठीच्या अध्यक्षांचा परवा काय इकडचा असणार आहे?

तिथंच उभं राहून तुम्हाला फोन लावला. गर्दीत ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला. तुमच्याकडे बँड वाजत होता.

"साहेब, पाणी परवा बदललं म्हणजे मंगळवारीच ना?"

"प्रमिलाबाई, नवरदेव मांडवात येतोय इथं! परवाच की हो! गणपतीत! तो टाकी धुणारा आला होता नाही का, त्याच्याकडूनच! मधे मी तांब्या तांब्या ओतलंय वरून!"

"गणपतीत? म्हणजे पाच महिने झाले?"

"हौ!"

आणि फोन ठेवलात.

हो साहेब. 'हौ' म्हणालात. स्पष्ट, मोठ्यानं, बँडच्या वर. दुकानदारानं ऐकलं, त्याच्या मुलीनं ऐकलं, पोपट घ्यायला आलेल्या एका बाईंनीही ऐकलं.

दुकानदारानं निळी बाटली कपाटात ठेवली. "ये डालते तो खलास था तुमारा मच्छी." नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचे थेंब दिले. मग आवाज खाली आणून मागच्या पेटीतल्या तसल्याच माशाकडे बोट केलं. "नहीं तो ये लेलो. सेम टू सेम. साहब को क्या समझता."

तुम्हाला खरंच समजलं नसतं. पण नामदेवरावांना समजलं असतं. शेपटीवरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहूनच ते रोज बोलायला सुरुवात करतात.

परत येऊन केतकीला खरं सांगितलं. ती आधी ओरडली, मग कामाचं बोलली. "सगळं पाणी एकदम नको बदलू, शॉक बसेल. अर्धंच काढ. नवं पाणी बादलीत घे, थेंब टाक, हात बुडवून बघ, जुन्याइतकंच गार पाहिजे. आणि हळूहळू ओत. थोडं वरून सोड, हवा मिसळते."

मी मगानं पाणी उपसत होते. नामदेवराव खुर्चीवर बसून तांब्यानं उंचावरून बारीक धार सोडत होते. कुणी जिना चढून आलं असतं तर मंडळानं अभिषेक ठेवलाय असं समजून नमस्कार करून गेलं असतं. नामदेवरावांनी धार एकदाही तुटू दिली नाही.

"जगेल का गं?"

"माहीत नाही काका."

"बिस्किटांनी झालं का?"

"थोडं बिस्किटांनी. बाकी परवानं."

फरशीवर जुने पेपर अंथरले होते. त्यात तुमच्या सत्काराच्या फोटोचं पानही भिजलं, अशी तुमची तक्रार आहे. ते चुकून झालं. बरं, चुकून नाही झालं.

दिवेलागणीला नवाब खाली उतरला. आधी जरासा, मग तळाच्या खड्यांपर्यंत. शेपटी उघडली. नामदेवरावांनी काचेवर बोट टेकवलं, तर तो बोटापाशी आला आणि खायला मागायला लागला, बेशरम.

रविवारी आणखी थोडं पाणी बदलायचं होतं. ते करतानाच तुम्ही बसमधून उतरून थेट आत आलात. बादली पाहिलीत, माझ्या हातातला मग पाहिलात, ओले पेपर पाहिलेत. मासा पाहिला नाहीत. आणि तासाभरात सभा.

आता किल्ली तुमच्या खिशात आहे, आणि तुम्ही आठवड्यातून एकदा उघडता. सवयीनं तांब्याभर पाणी ओतत असाल. नामदेवराव रोज येतात, बंद दारापाशी पायरीवर बसतात, आणि दाराच्या फटीतून नवाबाला बातम्या सांगतात. नवाबाला पुन्हा धाप लागली तर आत जाऊन बघणारं कुणी नाही.

मला माफी नको. सत्कारही नको. किल्ली परत द्या, निदान पाणी बदलायच्या दिवशी तरी. 'हौ' मी कुणाला सांगणार नव्हते, पण आता सांगून झालं, त्याला इलाज नाही.

पुढच्या सभेत नियमाप्रमाणे जागेवर उभे राहा, गुडघा दुखत असला तरी, आणि नामदेवरावांकडे तोंड करून, मोठ्यानं, तीनदा, शुद्ध मराठीत एवढंच सांगा:

परवा म्हणजे कधी?