नांगराखाली असेल तेच शेत

नगरपालिकेच्या सभागृहात फटकळ शिरायचा तो नाक वर करूनच. खुर्च्या प्लास्टिकच्या, पंखा कुरकुरणारा, आणि समोरच्या भिंतीवर हा एवढा मोठा हिरवा फलक: ‘शेत वाचवा, शहर जगवा’. फलकाकडे बघून तो दर वेळी तेच म्हणायचा, “अक्षर झकास आहे हो. काढणारा शेतात कधी गेला होता का?” आईबापांनी त्याला नाव ठेवलं होतंच, पण ते मतदारयादीपुरतं. जिभेला हाड नाही म्हणून सगळे त्याला फटकळ म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. आपण खरं बोलतो म्हणून लोकांना झोंबतं, अशी त्याची समजूत होती. खरं बोलणाऱ्या माणसाला त्यात एवढी मजा का यावी, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

भानगड अशी होती. शहर वाढत वाढत त्यांच्या शेतांना येऊन टेकलं होतं. पलीकडच्या वळणावर दोन वर्षांत तीन गोदामं उठली. पत्र्याची, बिनखिडकीची, आणि इतकी उंच की त्यांच्या सावलीतल्या शेतात पालकसुद्धा धड येईना. तेव्हा नगरपालिकेने उशिरा का होईना, एक शहाणपणा केला. रस्त्याकडेच्या सात छोट्या शेतकऱ्यांना बोलावलं आणि सांगितलं, तुम्ही सातही जणांनी सह्या करा, तुमच्या शेतांचा सलग पट्टा आम्ही तीस वर्षं राखीव ठेवतो. तिथे कुणी एक वीट रचणार नाही. पण सात म्हणजे सात. मधलं एक जरी शेत गळलं तरी पट्टा मोडला, आणि मग सगळीच जमीन गोदामांना मोकळी.

फटकळचं शेत ओळीत पाचवं. त्याच्या गाजरांना बाजारात नाव होतं, आणि ते उगाच नव्हतं. वीस वर्षं त्याने त्या जमिनीत शेणखत जिरवलं होतं, दगड वेचले होते, माती हातात घेऊन ओल बघितल्याशिवाय त्याचा दिवस सुरू व्हायचा नाही. माणसांशी कधी नीट बोलला नाही, पण जमिनीशी नीट वागला. हे शेत गेलं असतं तर तो महिनाभरात अंथरूण धरून संपला असता. हे मी नाही म्हणत, त्याची बायको म्हणायची.

आणि चौथं शेत त्याच्या धाकट्या भावाचं. अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि विहीर धाकट्याच्या वाट्याला गेली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. फटकळच्या लेखी धाकटा म्हणजे ओला लाकूडफाटा: ठिणगी नाही, जाळ नाही, नुसतं वजन. मधल्या बांधावर दोघं समोरासमोर आले तरी एक आकाशाकडे बघायचा आणि दुसरा आपल्या कोथिंबिरीकडे.

पहिल्याच सभेत नगरपालिकेच्या शेती अधिकाऱ्याने योजना समजावून सांगितली. पोरगेलासा माणूस, पायात नवेकोरे गमबूट, तेही फरशीवर. फटकळ मोठ्यांदा म्हणाला, “साहेब, बूट काढून ठेवा, मळतील.” सातातले दोघं हसले. अधिकारीही हसला, बिचारा. मग समितीचा अध्यक्ष झालेला कोबीवाला, म्हणजे पहिल्या शेताचा मालक, म्हणाला की जमीन किती हे कागदावरून धरू या, उगाच मोजणीचा घोळ नको.

“कागदावरून?” फटकळ उभाच राहिला. “कागद काय, कुणीही रंगवतो! शाळेतली पोरंही रंगवतात. जागेवर मोजा. ज्याच्या नांगराखाली जेवढं, तेवढंच त्याचं शेत. आणि दोन एकरांच्या खाली असेल त्याला घेऊच नका. उद्या कुंडीत मिरच्या लावणाऱ्या बायकासुद्धा येतील, आम्हीही शेतकरी म्हणत!”

कोबीवाल्याने कपाळाला हात लावला. पण अधिकाऱ्याला मुद्दा पटला. वरच्यांनाही असंच काहीतरी कडक हवं होतं. नियम लिहिला गेला: मोजणी जागेवर, शेत किमान दोन एकर. फटकळ घरी आला तो छाती फुगवून. बायकोला म्हणाला, “बारा अकला एकत्र केल्या तरी त्यांची एक होत नाही. मी नसतो ना, तर यांनी पट्टा आखायच्या ऐवजी रांगोळी काढली असती.”

“अहो, पण दोन एकरच का?” बायकोने विचारलं.

“कारण आपलं सव्वादोन आहे,” फटकळ म्हणाला आणि पाणी प्यायला.

सहा महिन्यांत आणखी बऱ्याच सभा झाल्या आणि मग मोजणीवाली आली. खांद्याला यंत्र, हातात लोखंडी सळई, डोक्याला रुमाल. कमी बोलणारी बाई. फटकळने तिच्यावरही दोन-चार टोमणे टाकून पाहिले, पण तिने ते पावसाच्या थेंबासारखे अंगावर घेतले आणि काम चालू ठेवलं. चौथ्या आणि पाचव्या शेताच्या मधल्या बांधाशी ती आली तेव्हा मात्र थांबली. बांधाकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं. मग फटकळच्या गाजरांत आठ फूट आत जाऊन तिने सळई खुपसली. ठक्. दुसऱ्या टोकाला गेली, तिथेही आठ फूट आत. ठक्.

“काका, हद्दीचे दगड इथे खाली आहेत,” ती म्हणाली. “तुमच्या गाजरांखाली.”

“दगड काय, जमिनीत कुठेही असतात,” फटकळ म्हणाला. पण आवाज पडलेला.

आता खरं काय ते सांगून टाकतो. बांध फटकळनेच कोरला होता. दरवर्षी पेरणीच्या आधी, उजाडायच्या सुमाराला, कुदळ घेऊन तो आपल्या बाजूने बांधाची कड खरवडायचा. वीतभर, जास्त नाही. माती आपल्या शेतात पसरायची आणि वर नांगर फिरवायचा, झालं. वीतभर जमिनीत पिकणार काय, एक टोपली गाजरं? पण त्या टोपलीसाठी तो हे करत नव्हता. विहीर गेली त्याची चुटपुट होती, आणि त्या भिजक्या भावाला कळत नाही आपली जमीन चाललीय, ह्याची गंमत वाटायची. अकरा वर्षं, अकरा विती. त्याने कधी बेरीज केली नव्हती, ती मोजणीवालीने केली: आठ फूट.

आणि त्या आठ फुटांनी धाकट्याचं शेत दोन एकरांच्या खाली गेलं. फार नाही, थोडंसंच. पण नियम तो नियम, आणि नियम कुणाचा, हे सगळ्या सातजणांना पाठ होतं.

गुरुवारी सभा. फटकळ त्या दिवशी फलकाबद्दल काही बोलला नाही. मागच्या रांगेत बसला. मोजणीवालीने उभं राहून सांगितलं की सहा शेतं बसतात, चौथं बसत नाही. बांध मूळ जागेवर नाही, शेजारच्या शेताकडून आत सरकलेला आहे. चौथं गळलं तर पट्टा मोडतो.

फटकळ धाकट्याकडे बघत होता. आता हा उठेल, बोंब मारेल, चोर म्हणेल. बस्स, तेवढंच हवं होतं. अकरा वर्षं त्याने उत्तरं तयार ठेवली होती. विहीर कुणी घेतली? चिठ्ठ्या कुणी घडी केल्या? बापाचं आजारपण कुणी काढलं? एक बोट माझ्याकडे कर, मग तुला दाखवतो. पण धाकटा गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत बसला होता.

अधिकाऱ्याला दया आली असावी. “पाण्याने सरकला असेल का हो बांध?” त्याने विचारलं. “जोराच्या पावसात होतं असं.”

“पाण्यानेच!” फटकळ घाईघाईने म्हणाला. “दुसरं काय?”

“उतार चौथ्या शेताकडून पाचव्याकडे आहे, काका,” मोजणीवाली म्हणाली. “पाणी चढावर माती नेत नाही.” मग तिने समोरचा कागद वाचला. “आणि पाण्याने सरकला असेल तर आज आहे तीच हद्द धरावी लागते. मग चौथं शेत गेलंच. बांध माणसाने सरकवला असेल, आणि ज्याने सरकवला त्याने सगळ्यांसमोर तसं सांगून लिहून दिलं, तरच दगडांवर परत घालता येतो. मी शनिवारी पुन्हा मोजेन. मुदत आज संपते, पण तेवढी दुरुस्ती चालते.”

म्हणजे आली का पंचाईत! गप्प बसलं तर गोदाम. गाजरांवर पत्र्याची सावली, सऱ्यांत डांबराचं तेलकट पाणी. बोललं तर ह्या सगळ्यांसमोर, ज्यांना त्याने सहा महिने अकलेचे कांदे म्हटलं त्यांच्यासमोर, स्वतःच्या तोंडाने चोर. दरवाजा उघडा होता. त्याच्या मनात आलं, उठावं आणि जावं, गेलं खड्ड्यात सगळं. मग त्याला ती माती आठवली, सकाळी हातात घेतलेली, बोटांना चिकटलेली. तो उठला.

“बांध मी कोरला,” तो म्हणाला. “दरवर्षी वीतभर. अकरा वर्षं.”

एवढं बोलून त्याने मान ताठ केली आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. बोला आता काय बोलायचं ते.

कोबीवाल्याने चष्मा वर केला. “बरं,” तो म्हणाला. “मग तसं लिहून द्या. तो कोरा कागद घ्या तिथला.”

“म्हणजे?” फटकळ म्हणाला.

“म्हणजे काय? लिहून द्या. सगळ्यांना माहीतच आहे.”

“कुणाला माहीत आहे?”

सहाव्या शेतवाल्याने जांभई दिली. “अरे बाबा, आमच्या शेतातून दिसतं की. उजाडताना कुदळ घेऊन कोण फिरतं तुझ्याशिवाय? माझी म्हातारी म्हणायची, फटकळ निघाला, म्हणजे पेरणी जवळ आली.”

कुणीतरी हसलं, पण मोठ्याने नाही. तेवढंही कौतुक त्याच्या वाट्याला आलं नाही. अधिकाऱ्याने पेन पुढे केलं. फटकळने लिहायला घेतलं. तो मनात म्हणत होता, माहीत होतं तर बोलले का नाहीत, नामर्द सगळे. लिहिता लिहिता तो थांबला आणि धाकट्याकडे वळला. अकरा वर्षांत पहिल्यांदा थेट.

“तुलाही माहीत होतं?”

“होतं,” धाकटा म्हणाला.

“मग बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं का?”

धाकट्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच फटकळला सोसेना. “बायकोने मला दरवर्षी म्हटलं, जा, दादांना विचारा. मी म्हटलं, राहू दे. दादाला मागता येत नाही, लहानपणापासून. मग घेतो तसा घेऊ दे.”

“मोठा दानशूर!” फटकळ ओरडला. “तुला कळलंच नव्हतं! आता सगळे म्हणतात म्हणून म्हणतोयस!”

“दादा,” धाकटा म्हणाला, “तू इकडून वीतभर कोरायचास, बरोबर? अकरा विती कोरल्यावर बांध उरायलाच नको होता. मुळात तो चार-पाच फूट रुंदच तर होता. मग तो अजून आहे कसा?”

फटकळने बोटांवर विती मोजायला घेतल्या.

“मी तिकडून भर घालायचो,” धाकटा म्हणाला. “दरवर्षी, तुझं झालं की दुसऱ्या दिवशी. बांध फुटला असता तर तुझी गाजरं वाहून गेली असती. पाणी माझ्याकडून तुझ्याकडे उतरतं.”

मोजणीवालीने कागद ओढून घेतला, वाचला, एक ओळ राहिली होती ती दाखवली. फटकळने ती लिहिली. सही केली. सातही सह्या झाल्या, अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि कोबीवाल्याने पुढचा विषय काढला, गाळाच्या खताचा. सगळे खताबद्दल बोलायला लागले. फटकळकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. शेत वाचलं होतं, तीस वर्षांसाठी, आणि त्याला तिथून उठून जाता येत नव्हतं.

शेवटी सभा संपल्यावर धाकटा त्याच्या खुर्चीपाशी थांबला.

“शनिवारच्या आधी बांध हलवायला पाहिजे,” तो म्हणाला. “उद्या सकाळी ये. तुझ्या बाजूची माती तू ओढ. भर मी घालतो, तुला ते काम येत नाही.”