शेवंतीसाठी राखलेला शब्द

“पायरी खंयच नाय मगे?” कृष्णनाथांनी विचारलं.

“एकसुदीक नाय, काका. खुर्ची सरळ नदीच्या वळणापर्यंत जाता,” वनरक्षक गौरेश म्हणाला आणि त्याने चाकापुढचा दगड पायाने बाजूला सारला.

राष्ट्रीय उद्यानातली ही नदीकाठची वाट सपाट होती. कृष्णनाथ बायकोची, शेवंतीची, चाकांची खुर्ची ढकलत निघाले. अर्धांगाचा झटका येऊन सहा महिने होत आले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बोलणं गेलं तरी गाण्यातले शब्द कधी कधी परततात; पण फार उशीर झाला तर आशा धरू नका.

मयेच्या देवळात कीर्तनाला शेवंती कायम पहिल्या रांगेत. बुवांनी ‘जय जय रामकृष्ण’ म्हणून हात वर केला, की ‘हरी’ म्हणायला तिचा आवाज सगळ्यांच्या आधी. “बुवांका श्वास तरी घेवक दी गे!” असं कृष्णनाथ चिडवायचे. आता देवळात नेलं, की तिचे ओठ हलायच्या आत शंभर जण म्हणून मोकळे होत. घरी सून, नातवंडं, शेजारीण, कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ते निघायचंच. म्हणून त्यांनी तिला इथे आणलं होतं. इथे दुसरं म्हणणारं कुणी नसेल.

वळणावर ते तिच्यासमोर बसले.

“जय जय रामकृष्ण...” हळूच म्हणून त्यांनी हात वर केला.

पाणी वाहत होतं. शेवंतीच्या गळ्याची शीर ताठ झाली. ओठ विलग झाले.

“हरी!” मागून आवाज आला.

खुर्ची वळवायला हात द्यावा म्हणून गौरेश मागोमाग आला होता, हे त्यांना कळलंच नव्हतं. त्याने जीभ चावली. “चुकलंय, काका. पेडण्याचो मी. ल्हानपणापासून कीर्तनात... आपसूक इला.”

रागवायचं तरी कसं? देवाचंच नाव घेतलं होतं पोराने.

“आसूं दी रे बाबा. आता वायच गप रव. तां तिचा आसा.”

गौरेशने टोपी काढून तोंडावर धरली.

“जय जय रामकृष्ण... म्हण गे, शेवंती. घाई नाय.”

वर धरलेला हात कृष्णनाथांनी खाली घेतला नाही. शेवंतीचे ओठ हलले. मिटले. मान खाली घालून ती डाव्या हाताने पदर चाचपू लागली.

नाम अर्धं ठेवायचं नसतं. कृष्णनाथांनी पदराचं टोक तिच्या मुठीत दिलं आणि तिच्या वाटचं आपणच म्हणाले, “हरी.”