घरचा ड्रायव्हर

बाबांनी नव्या पिकअपचे दार उघडून पाहिले नाही. एक गुडघा फरशीवर टेकून ते मागच्या चाकाशी बसले आणि आत हात घालून स्प्रिंगचे पाटे बोटांनी एकेक करून मोजू लागले.

"काका, आत बसून तर बघा," विक्रेता म्हणाला. तिशीतला, कडक इस्त्रीच्या शर्टाचा, गोड बोलण्याचा माणूस. "एसी लावून देतो."

"बसण्यात काय बघायचंय? चाळीस वर्षं बसलोच. मला माल न्यायचाय, तो काही सीटवर बसत नाही." बाबा उठले आणि हाताला लागलेले वंगण रुमालाला पुसत म्हणाले, "पाच पाटे आहेत. परवा फोनवर तुम्ही सहा म्हणाला होतात."

"सहा वरच्या मॉडेलला असतात, काका."

"मग किंमतही खालच्या मॉडेलची सांगा."

त्यांच्या मुलीला हसू आले आणि ते लपवायला तिने पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखे केले. भाव करताना बाबांच्या शेजारी उभे राहण्याची तिला लहानपणापासून सवय होती. ड्रायव्हर मंडळी त्यांना 'मीटर' म्हणत, कारण कुठल्याही दोन ठिकाणांमधले अंतर ते किलोमीटरच्या पुढच्या मीटरांपर्यंत सांगत. सगळी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. आज पहिल्यांदा घरची गाडी घ्यायची होती, आणि ती लेकीच्या नावावर होणार होती.

मुलीची लाँड्री होती. दोन मोठी धुलाईयंत्रे, एक वाळवण्याचे यंत्र, कामाला चार बायका, आणि मागे इस्त्रीची एक अरुंद खोली, जिच्या भिंतींचा रंग वाफेने पोपडे धरून गळत असे. गल्लीतल्या गिऱ्हाइकांचे उत्पन्न दुकानाच्या भाड्यातच जाई. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मात्र दोनशे खाटांच्या एका रुग्णालयाच्या चादरींचे काम तिला मिळाले होते. अट एकच होती, गाडी स्वतःची हवी. आजवर रुग्णालयाच्या थोड्या सुट्या कामासाठी ती टेम्पो भाड्याने घेई आणि बाबा तो चालवत. पण भाड्याच्या टेम्पोने दोनदा उशीर केला होता आणि रुग्णालयाचा भांडारपाल ते विसरलेला नव्हता.

तिने हिशोब कितीतरी वेळा मांडला होता. साबण, वीज, बायकांचे पगार आणि डिझेल वजा जाता या कामाचे महिन्याला अठ्ठावीस हजार उरणार होते. चार वर्षांच्या कर्जाचा हप्ता एकोणीस हजार चारशे. राहिलेल्या आठ हजार सहाशेंत दोन माणसांचे घर ओढूनताणून चालले असते. ड्रायव्हर ठेवायचा तर चौदा हजार पगार पडला असता. तो या हिशोबात कुठे बसतच नव्हता. बसवायचे कारणही नव्हते. घरात ड्रायव्हर होता.

विक्रेत्याने त्यांना काचेच्या टेबलाशी बसवले आणि दरपत्रक बाबांसमोर सरकवले. बाबांनी ते तसेच त्याच्याकडे परत सरकवले.

"तुम्हीच वाचा. मोठ्यानं. प्रत्येक रक्कम तुमच्या तोंडून ऐकू दे."

विक्रेता वाचू लागला. गाडीची मूळ किंमत, नोंदणी, विमा. पुढे हाताळणी शुल्क, गंजरोधक लेप, सीटची आवरणे, 'सुरक्षा पॅकेज'. बाबा मान किंचित वळवून, त्याच्या कानाच्या बाजूला कुठेतरी पाहत ऐकत होते. ती तिरपी नजर विक्रेत्याला जड जात असावी. वाचता वाचता तो दोनदा अडखळला. एकूण नऊ लाख शहाऐंशी हजार.

मुलीला ही युक्ती फार आवडली. माणसाला त्याची हाव त्याच्याच तोंडून वाचायला लावायची! ती मनोमन खूश झाली आणि दरपत्रक स्वतः उचलून वाचावे असे तिला वाटलेही नाही.

"हाताळणी शुल्क म्हणजे काय?" बाबांनी विचारले.

"गाडी कारखान्यातून इथपर्यंत आणायची, धुवायची, पुसायची..."

"धुवायचे पैसे? आम्ही लाँड्रीवाले आहोत, साहेब. आमची आम्ही धुऊ." विक्रेत्यालाही हसावे लागले. बाबा हसले नाहीत. "हे आठ हजार काढा. लेप कंपनीतूनच लागून येतो, मी खाली हात लावून बघितलाय. त्याचे साडेनऊ काढा. आवरणं आम्ही शिवून घेऊ. सुरक्षा पॅकेज म्हणजे एक त्रिकोण आणि मलमपट्टीची पेटी. त्याचे सहा हजार तुम्ही घेता, तेव्हा असुरक्षित तर आम्हीच आहोत."

आकडे एकदा ऐकून त्यांच्या डोक्यात पक्के बसले होते. अर्ध्या तासात विक्रेता दोनदा आतल्या दालनात जाऊन आला. मध्येच त्याने गाडी चालवून पाहण्याचा आग्रह केला. बाबा म्हणाले, "तुम्ही चालवा, मी शेजारी बसून इंजिन ऐकतो." तसेच झाले. परत आल्यावर तिसऱ्या गिअरला घरघर आहे म्हणून त्यांनी पहिल्या दोन सर्व्हिसिंग फुकट करून घेतल्या.

किंमत अडतीस हजारांनी उतरली तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, पुष्कळ झालं. बिचाऱ्याला घाम फुटलाय."

"अजून नाही. बेचाळीसला आलं पाहिजे."

"बेचाळीसच का?"

बाबा पुन्हा विक्रेत्याकडे वळले. घाम त्यांनाही फुटला होता. एरवी भाव करणे हा त्यांचा खेळ असे. मनासारखी दोन दाने पडली की ते चहा मागवून समोरच्याच्या मुलाबाळांची चौकशी करत. आज त्यांच्या आवाजात खेळ नव्हता. रुमाल त्यांनी मुठीत घट्ट आवळून धरला होता. अखेर विक्रेत्याने नऊ लाख चव्वेचाळीस हजारांवर हात टेकले, तेव्हा बाबांनी खुर्चीला पाठ लावून डोळे मिटले.

कर्जाचे काम पाहणाऱ्या बाईंचे टेबल पलीकडच्या कोपऱ्यात होते. चष्मा कपाळावर चढवून त्या कागद लावत होत्या. एक लाख चौऱ्याण्णव हजार रोख, साडेसात लाख कर्ज. पाने उलटता उलटता त्यांचे बोट एका ओळीवर थांबले.

"ताई, खर्चाच्या तक्त्यात ड्रायव्हरचा पगार शून्य दाखवलाय."

"हो. बाबा चालवणार आहेत."

"मग त्यांचं लायसन्स जोडावं लागेल. मूळ दाखवा, प्रत मी काढून घेते."

"बाबा, द्या ना."

बाबांचा हात शर्टाच्या खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"घरी राहिलं का?" बाईंनी सौम्यपणे विचारले. "संध्याकाळपर्यंत आणून दिलंत तरी चालेल."

"घरी नाही," बाबा म्हणाले. "नूतनीकरणाला गेलो होतो. डोळ्यांच्या तपासणीत अडलं."

"कधी?" मुलीने विचारले.

"दोन महिने झाले."

"मोतीबिंदू असेल, तर..."

"मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. मागचा पडदा गेलाय म्हणतात. समोर बघितलं की मधलं पुसल्यासारखं होतं. कडेचं दिसतं."

मुलीने त्यांच्याकडे पाहिले. बाबा तिच्याकडेच पाहत होते, म्हणजे तिच्या खांद्याच्या जरा पलीकडे. सकाळपासूनची ती तिरपी नजर, विक्रेत्याला मोठ्याने वाचायला लावणे, शेजारी बसून इंजिन ऐकणे हे सगळे तिला एकदम उलगडले. तिला वाईट वाटायला हवे होते. पण त्याआधी तिला दुसरेच काहीतरी आठवले.

"मागच्या मंगळवारी टेम्पो कुणी नेला?"

बाबा रुमालाची घडी घालू लागले.

"बाबा, मंगळवारी आपली इस्त्रीवाली पुढे बसली होती तुमच्या शेजारी. तिला दोन लहान मुलं आहेत."

"रस्ता पाठ आहे मला. सात किलोमीटर सहाशे. कुठं खड्डा, कुठं वळण, सगळं पाठ आहे."

"रस्ता पाठ असेल. रस्त्यावरची माणसंही पाठ असतात का?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि उगाचच कागदांच्या कडा जुळवल्या. बाबा उठले. खुर्ची व्यवस्थित आत सरकवली आणि चकाकत्या गाड्यांच्या मधून दाराकडे चालू लागले. पाठ ताठ, पाऊल मोजून टाकलेले.

हे पाहून विक्रेता जागेवरून धावत आला. "काका! अहो काका, असं उठून काय जाता? बसा तुम्ही." बाबा थांबले नाहीत. विक्रेता मुलीकडे वळला आणि खाली वाकून कुजबुजला, "काका म्हणजे फारच ताणतात हो, ताई. बरं, शेवटचं सांगतो. आणखी तीन हजार सोडतो. आता तरी बोलवा त्यांना."

त्याला खरे काय ते सांगणे एका वाक्याचे काम होते. तिने दाराकडे पाहिले. बाबांनी दाराची मूठ पहिल्या प्रयत्नात हुकवली होती, दुसऱ्यात पकडली होती.

"पाच," ती म्हणाली.

विक्रेत्याने कपाळावर हात मारला. "बापलेक दोघं मिळून माझी नोकरी घालवणार! पाच तर पाच. पण यापुढे एक पैसाही नाही."

तो गेल्यावर तिला आपलाच आवाज परका वाटला. बाबांच्या मानहानीचे तिने पाच हजार वसूल केले होते, आणि ते परत करावेत असेही तिला वाटत नव्हते.

"ताई, आज राहू द्या हवं तर," बाई म्हणाल्या. "घरी बोला, मग या."

"एक तारखेला गाडी नसेल तर काम दुसऱ्याला जाईल. पगार चौदा हजार लिहा आणि काय बसतं ते बघा."

बाईंनी यंत्रावर आकडे दाबले. "चार वर्षांत नाही बसत. महिन्याला पाच हजार चारशे कमी पडतात, बँक मंजूर करणार नाही. सात वर्षं केली तर हप्ता बारा हजार आठशे चाळीसवर येतो. पण ताई, मी लपवत नाही, सात वर्षांत एकूण दीड लाखाच्या आसपास व्याज जास्त जाईल."

अठ्ठावीस हजारांतून हप्ता वजा, पगार वजा. उरले अकराशे साठ. घर चालवायला रात्री जादा इस्त्रीचे काम घ्यावे लागणार होते. सात वर्षांनी ती अठ्ठेचाळीस वर्षांची होणार होती आणि धुलाईयंत्रे त्याच्या कितीतरी आधी मोडीत जाणार होती. पण गाडी नाही घेतली तर उरणार होते ते दुकानाचे भाडे आणि चार बायकांना "उद्यापासून येऊ नका" असे सांगणे. तिने चौदा ठिकाणी सह्या केल्या. या वेळी प्रत्येक पान सही करण्याआधी वाचले. बाई कंटाळल्या नाहीत.

बाहेर आली तेव्हा बाबा पायरीच्या एका कडेला उभे होते. रस्त्यावरून अवजड गाड्या जात होत्या आणि इंजिनाच्या प्रत्येक आवाजासरशी त्यांची मान थोडी वळत होती.

"झालं का?"

"झालं. सात वर्षं."

त्यांनी मनात हिशोब केला असावा, ओठ हलले. "बेचाळीस म्हणजे ड्रायव्हरचा तीन महिन्यांचा पगार. म्हटलं, तेवढा तरी आधी काढून ठेवावा. मग सांगणार होतो तुला."

"कधी? गाडी दारात आल्यावर?"

"धीर होत नव्हता, पोरी. तू वहीत शून्य लिहिलंस ना, त्या दिवशी किती खुशीत होतीस."

तिला त्यांचा हात धरावासा वाटला आणि त्याच वेळी तो झिडकारावासाही. तिने दोन्ही केले नाही. फोन काढला आणि एका ड्रायव्हरला लावला. पूर्वी बाबांच्या हाताखाली क्लीनर म्हणून गाडी शिकलेला तो माणूस सध्या बदली कामावर फिरत होता. रहदारीच्या गोंगाटात ऐकू येईना, म्हणून तिने स्पीकर चालू केला.

"रोज पहाटे पाचला निघायचं. दोन फेऱ्या. किती घ्याल?"

"सोळा होतात, ताई. सगळीकडे हाच दर आहे."

बाबांचा चेहरा एकदम सावध झाला. ते जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "चौदा म्हण. येतो तो. कायमचं काम बघ म्हणून बायको मागे लागलीय त्याच्या."

"पंधरा," ती फोनमध्ये म्हणाली.

"अगं..."

पलीकडून तो माणूस म्हणाला, "बरं ताई, तुमचं घर म्हणून पंधरा. मीटरकाका काय, आता आराम करणार वाटतं?"

महिन्याला एकशे साठ उरले, असे तिच्या मनात आपोआप मांडले गेले. बाबांनी मान खाली घातली होती. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू जात होता हे तिला ठाऊक होते. स्पीकर बंद करता आला असता, थोडे दूर जाऊन बोलता आले असते. तिच्या डोळ्यांपुढे मंगळवारी टेम्पोत पुढे बसलेली इस्त्रीवाली होती.

"उद्या सकाळी दुकानात या," ती म्हणाली. "येताना लायसन्स आणा. मूळ, झेरॉक्स नको. आणि डोळे तपासल्याचा कागद."